डबा भरला, पण धूळ गेली कुठे?

प्रश्न : मी घरांत आणि ऑफिसांत कपाटं, पडद्यांचे रॉड, टीव्हीचे स्टँड बसवण्याची कामं घेतो. हाताखाली भाचा असतो. अलीकडे रोटरी हॅमर (ठोके देत काँक्रीटमध्ये भोक पाडणारं मोठं ड्रिल) बदलला. नव्या मशीनला पुढे धूळ ओढून घेणारा डबा आहे. काम झाल्यावर जमीन इतकी स्वच्छ असते की गिऱ्हाईक खूश होतं. त्यामुळे भाचा म्हणतो, आता मास्क कशाला? मलाही चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क नकोसाच वाटतो. छोट्या ड्रिलला हा डबा बसत नाही, तिथे भाचा घरच्या व्हॅक्यूमची नळी भोकाखाली धरतो. त्या नळीचा मध्येच हाताला चटका बसतो, शिडीवर एकदा तो चांगलाच दचकला. परवा लोखंडी अँगलला भोकं पाडताना डबा काढायचा राहिला तर जळल्यासारखा वास आला. डबा भरला की भाचा तो बाहेर पायरीवर आपटून मोकळा करतो. एवढं सगळं करूनही संध्याकाळी नाक शिंकरलं की राखाडीच निघतं. वापरण्यात कुठे चुकतंय का? (एक फिटर)

उत्तर :

तुम्ही विचारलंय मास्कबद्दल, चटक्याबद्दल, जळक्या वासाबद्दल. त्या सगळ्याकडे येतोच. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात : भाचा डबा पायरीवर आपटतो. सकाळभर त्या डब्यानं तुमच्या दोघांच्या नाकापासून जी धूळ लांब ठेवली, ती दोन सेकंदांत एकरकमी त्या पोराच्या तोंडावर परत येते. तोही त्या वेळी बिनमास्कचा. डबा असलेल्या मशीनवर दिवसभरातली सगळ्यात वाईट धूळ भोक पाडताना नाही, डबा रिकामा करताना उडते. नाक राखाडी का निघतं याचं निम्मं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

स्वच्छ जमिनीवर फार विसंबू नका. जमिनीवर दिसते ती जाड धूळ. ती जड असते, पटकन खाली बसते, नाकात गेली तरी तिथेच अडकते आणि शिंकरल्यावर बाहेर येते. त्रास देते ती बारीक, साधारण चार-पाच मायक्रॉन आणि त्याहून लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती नाकात थांबतच नाही, थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचते. डोक्याच्या उंचीवर सुटलेला १० मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत तीन-चार मिनिटांत जमिनीला लागतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर खाली यायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे तुम्ही काम आटोपून, सामान आवरून निघालात तरी तो खोलीत तरंगतच असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. खिडकीतून उन्हाची तिरीप आली तर त्यात जरा अंदाज येतो, एवढंच.

आकडा पाहिजे असेल तर हा घ्या. काँक्रीटमध्ये १० मिलिमीटर जाडीचं आणि ६० मिलिमीटर खोल भोक पाडलं की साधारण ११ ग्रॅम माल बाहेर येतो. काँक्रीटमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत आणि दगडात असणारं खनिज, असते, मिश्रणाप्रमाणे २५ ते ७० टक्के. ३० टक्के धरली तरी एका भोकातून तीन ग्रॅमच्या वर सिलिका निघाली. आता अमेरिकेत कामगारांसाठी जी मर्यादा आहे ती बघा : आठ तासांच्या सरासरीनं, एका घनमीटर हवेत श्वासावाटे आत जाऊ शकेल अशी बारीक सिलिका ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. तीन बाय चार मीटरची नेहमीच्या उंचीची खोली म्हणजे अंदाजे ३२ घनमीटर हवा. ती सगळी हवा त्या मर्यादेला नेऊन ठेवायला दीड मिलिग्रॅमच्या आसपास बारीक सिलिका पुरते. तीन ग्रॅमपुढे दीड मिलिग्रॅम! भोकातून निघालेला बहुतेक माल जाड असतो आणि खाली पडतो हे आपलं नशीब. शिवाय मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे, त्यामुळे एक भोक पाडून कोणी आजारी पडत नाही. पण तुम्ही एक भोक पाडत नाही. रोज पाडता, आणि वर्षानुवर्षं पाडणार आहात.

सगळ्या भिंती सारख्या नसतात हेही लक्षात ठेवा. वाळूच्या खडकात सिलिका ७० ते ९० टक्के, ग्रॅनाइटमध्ये ३० च्या आसपास, विटेत ३० टक्क्यांपर्यंत, संगमरवरात आणि चुनखडीत जेमतेम दोन. कृत्रिम क्वार्ट्‌झचे जे चकचकीत ओटे बसवतात त्यांत ९० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, तिथे भोक पाडायचं तर जास्त सावध. सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. नेहमीच्या प्रकारात तो दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो, धूळ फार असेल तर त्याआधीच. सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोगही लवकर धरतो. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. लाकडाची धूळ त्या गटात दोन वर्षं आधीच गेली होती. तेव्हा कपाटाच्या फळीला भोक पाडताना ‘हा तर नुसता भुसा’ असं म्हणू नका.

आता मास्क. भाच्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं, म्हणजे ओशानं, २०१६ साली सिलिकाचे जे नियम काढले त्यात हातातल्या ड्रिलसाठी आणि रोटरी हॅमरसाठी असं म्हटलंय की बिटभोवती, म्हणजे भोक पाडणाऱ्या फिरत्या टोकाभोवती, आच्छादन असेल, धूळ ओढणारं यंत्र मशीनच्या कंपनीनं सांगितलेला हवेचा प्रवाह देत असेल, त्याचा फिल्टर ९९ टक्के किंवा जास्त धूळ अडवत असेल, तो फिल्टर झटकून मोकळा करण्याची सोय यंत्रातच असेल आणि भोक साफ करायलाही हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा) व्हॅक्यूम वापरला जात असेल, तर मास्कची सक्ती नाही. यातल्या अटी मोजा आणि मग तुमचं काम बघा. घरचा व्हॅक्यूम, हातानं धरलेली नळी, पायरीवर आपटलेला डबा. त्यामुळे आजच्या घडीला तुम्हाला आणि भाच्याला, दोघांनाही मास्क लागणारच. एन९५ किंवा एफएफपी२ (बारीक धूळ अडवणाऱ्या मास्कचे हे दर्जे) हा कमीत कमी. डोक्यावरच्या स्लॅबला ओळीनं भोकं पाडायची असतील तर त्याच्या वरचा एफएफपी३. कापडी मास्क, रुमाल किंवा दवाखान्यातला निळा मास्क या कामाचा नाही.

आणि तो चष्मा! मास्क लावल्यावर चष्म्यावर वाफ धरते याचा अर्थ तुमचा श्वास नाकाच्या बाजूनं वर निसटतोय. ज्या फटीतून वाफ बाहेर जाते त्याच फटीतून धूळ आत येते. म्हणजे वाफ म्हणजे मास्क नीट बसला नसल्याची खूण आहे, मास्क टाळायचं कारण नाही. नाकावरची पट्टी एका चिमटीत दाबू नका, तशी ती मधोमध मोडते आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उतारावरून गालांपर्यंत दाबत न्या. दोन पट्ट्यांतली एक डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरी मानेवर. दोन्ही मानेवर घेतल्या तर मास्क हळूहळू घसरतो. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेनं हवा लागली तर परत बसवा. दाढी असेल तर असा मास्क चेहऱ्याला टेकतच नाही, मग तो कितीही भारी घ्या. गुळगुळीत दाढी करायची, नाहीतर पंख्यावर चालणारा, डोक्यावरून घ्यायचा हूडवाला मास्क घ्यायचा. तिसरा मार्ग नाही.

यापुढे नळीचा विषय, कारण खरा तोटा भाच्याचा होतोय. ड्रिल तुमच्या हातात असतं, हात लांब असतात, तोंड जरा मागे असतं. नळी धरणारा मात्र भोकाखाली वाकून, नाक धुळीत घालून उभा असतो. आणि एवढं करून हाती फार काही लागत नाही. व्हॅक्यूमची ओढ नळीच्या तोंडापासून किती पटकन मरते याचा लोकांना अंदाज नसतो. नळीचं तोंड ३५ मिलिमीटरचं असेल तर तोंडासमोर ३५ मिलिमीटरवरच हवेच्या वेगाचा दहावा हिस्साही उरत नाही. भाच्याचा हात दोन बोटं खाली सरकला की नळी फक्त आवाज करते. त्यात ड्रिलच्या पंख्याचा वारा धूळ उलटी फेकतो. तुम्हीच एका हातात ड्रिल आणि दुसऱ्यात नळी धराल तर आणखी वाईट, कारण बिट सळईत अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं. हॅमर दोन हातांनीच धरायचा, बाजूचा दांडा लावूनच.

त्याऐवजी भिंतीला आपणहून चिकटणारं धूळ-आच्छादन घ्या. त्याला दोन कप्पे असतात : एका कप्प्यातली ओढ त्याला भिंतीला धरून ठेवते, दुसऱ्यातून धूळ खेचली जाते. नळी धरायला माणूस लागत नाही. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर, टाइल्सवर झकास बसतं, खडबडीत गिलाव्यावर सुटतं. तिथे बिटवर चढणारी, स्प्रिंगची रबरी टोपी बरी, तिला नळी जोडता येते. आणि एक गोष्ट मला फार आवडते ती पोकळ बिटं. त्यांच्या टोकाजवळ छिद्र असतं, बिटाच्या पोटातूनच धूळ मागे ओढली जाते आणि भोक पाडता पाडताच साफ होतं. ओल्या भिंतीत मात्र ती वापरू नका, धुळीचा चिखल होऊन बिट तुंबतं.

पोकळ बिटाची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉर्ज लेनर नावाच्या माणसानं खाणीतल्या ड्रिलसाठी पोकळ पहार काढली. आधी तिच्यातून दाबाची हवा सोडली, म्हणजे चुरा भोकातून बाहेर फेकला जाईल. तो फेकला गेलाही, पण धूळ इतकी उडाली की खाणकामगारांना ते नकोसं झालं. मग त्यानं हवेबरोबर पाणी सोडलं आणि धूळ बसली. तरीही १९३० आणि १९३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात जवळपास निव्वळ सिलिकाच्या खडकात कोरडंच ड्रिलिंग झालं आणि शेकडो मजूर सिलिकोसिसनं गेले. पाणी वापरायची युक्ती तोवर चांगली तीस वर्षांची होती. (तुम्ही मात्र आपल्या विजेच्या हॅमरवर बाटलीनं पाणी सोडू नका. पाण्यासाठी बनवलेली मशीन वेगळी असतात आणि त्यांना गळती होताच वीज तोडणारा स्विच लागतोच.)

घरचा व्हॅक्यूम या कामातून बाद करा. केर आणि केस ओढायला तो बनवलेला असतो. काँक्रीटची आणि जिप्समची बारीक धूळ त्याचा फिल्टर काही मिनिटांत लिंपून टाकते, ओढ मरते, मोटर तापते. बऱ्याच घरगुती यंत्रांत मोटर थंड करणारी हवाही तीच असते, त्यामुळे फिल्टरमधून सुटलेली धूळ मोटरीत जाते. उरलेली मागच्या जाळीतून खोलीत परत, आणि तीही सगळ्यात बारीक. तुम्ही धूळ गोळा करताय असं वाटतं, प्रत्यक्षात जाड धूळ ठेवून घेऊन बारीक धूळ वाटून टाकता.

कामाच्या धुळीसाठी जी यंत्रं येतात त्यांचे युरोपीय मानकाप्रमाणे तीन वर्ग आहेत : एल, एम आणि एच. एलमधून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटू शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्के. भिंती, विटा, काँक्रीट, लाकूड या तुमच्या कामांना निदान एम पाहिजे. नुसत्या टक्केवारीपेक्षा एमची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की ते यंत्र इशारा देतं. फिल्टर तुंबलाय, पिशवी भरलीय, नळी कुठे तरी दबलीय, हे तुम्हाला धूळ उडायच्या आधी कळतं. तो इशारा कटकट वाटून बंद करणारे लोक मी पाहिलेत. अशानं महागडं यंत्र घेऊनही पुन्हा अंदाजानंच काम चालतं.

बहुतेक अशा यंत्रांवर ड्रिल लावायला सॉकेट असतो. ड्रिल सुरू झालं की ओढही आपोआप सुरू होते आणि ड्रिल थांबल्यावर काही सेकंद चालू राहते, नळीत अडकलेली धूळ आत जावी म्हणून. त्या सॉकेटवर किती वॅट चालतील ते लिहिलेलं असतं, मोठा हॅमर लावण्याआधी ते वाचा. सॉकेट नसेल तर तुम्हीच शिस्त ठेवा : आधी ओढ, मग ड्रिल. बाहेर काढतानाही बिट फिरतं ठेवून, ओढ चालू असताना, सावकाश. झटक्यात बाहेर काढलं की भोकातला सगळा चुरा त्याच्या मागोमाग येतो. नळी आखूड आणि शक्य तितकी सरळ ठेवा आणि शिडीच्या पायऱ्यांतून ओवू नका.

मशीनवरच्या डब्याकडे येऊ. तो चांगला आहे, पण त्याच्या हद्दीत. त्याची पुढची नळी स्प्रिंगनं आतबाहेर होते. बिट ठराविक लांबीचं असेल तरच तिचं तोंड आधी भिंतीला टेकतं आणि शेवटपर्यंत टेकून राहतं. फार लांब बिट लावलं तर पहिले काही मिलिमीटर उघड्यावरच पडतात, आणि खरं म्हणजे गिलाव्याची सगळ्यात जास्त धूळ तिथेच उडते. तोंडावरची रबरी कडा बघा, ती एका बाजूनं झिजली की डबा असूनही भिंतीवर भोकाखाली पांढरी पट्टी उमटते. ती पट्टी दिसली की कडा बदला. बहुतेक डबे फक्त भोक पाडण्यासाठी असतात, छिन्नी लावून तोडफोड करताना चालत नाहीत. डबा गच्च भरेपर्यंत थांबू नका. माल फिल्टरला टेकायला लागला की ओढ पडते. मशीनबरोबरच्या कागदात किती भोकांनंतर रिकामा करायचा ते बऱ्याचदा दिलेलं असतं, तो आकडा लहान भोकांचा असतो हे लक्षात ठेवा.

रिकामा करण्याची पद्धत अशी ठेवा. मास्क तोंडावर असतानाच, बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे तर वारा बाजूनं येईल असे उभे राहा. पाठीवर वारा घेतला की तो अंगाला वळसा घालून धूळ तोंडाशीच फिरवतो. जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, डबा तिच्या आत घाला, पिशवीचं तोंड मनगटाभोवती आवळा आणि मग आतल्या आत डबा उघडून हलकेच टकटक करा. फिल्टरही तसाच पिशवीत झटका. धूळ बसेपर्यंत थोडं थांबा, मग हात बाहेर काढा, पिशवीला गाठ मारा. फिल्टर भिंतीवर, पायरीवर, टाचेवर आपटायचा नाही. त्याच्या घड्या फाटतात आणि ती फाट डोळ्याला दिसत नाही. एक खूण मात्र दिसते : फिल्टरच्या स्वच्छ बाजूवर राखाडी रेघ. ती दिसली की तो फिल्टर गेला. कंपनीनं धुवायला परवानगी दिली नसेल तर धुऊ नका, आणि दाबाची हवा मारून साफ करणं तर कधीच नको.

जळक्या वासाचं सांगतो. लोखंडात भोक पाडताना तापलेला कीस निघतो, कधी ठिणगीसुद्धा. तो डब्यात ओढला गेला की कागदी फिल्टरवर आणि प्लॅस्टिकवर जाऊन बसतो. डब्यात आधीचा लाकडाचा भुसा असेल तर तो लगेच पेटेलच असं नाही, आतल्या आत धुमसत राहतो आणि काही तासांनी, मशीन गाडीत किंवा माळ्यावर असताना भडकू शकतो. तुमच्या वेळी डब्यात सिमेंटची धूळ असावी, म्हणून वासावर निभावलं. यापुढे धातूला डबा नाही, व्हॅक्यूम नाही. खाली पत्र्याचा तुकडा किंवा ट्रे ठेवा, कीस थंड झाल्यावर चुंबकानं गोळा करा, डोळ्यांना गॉगल लावा. धातूचा कीस हवेत तरंगत नाही, त्यामुळे तिथे ओढीची तशी गरजही नसते. अॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाची ठिणगी एकत्र येऊ देऊ नका, ती पूड स्फोटक असते. परवा वापरलेला फिल्टर उघडून बघा, तपकिरी ठिपका किंवा वितळलेली कड दिसली तर सरळ टाकून द्या.

नळीचा चटका हा बहुधा स्थिर विजेचा. कोरडी धूळ प्लॅस्टिकच्या नळीला घासत वेगानं जाते, नळीवर भार साठतो आणि हात लागला की चट्‌कन उतरतो. तो झटका स्वतः जिवावर येत नाही. शिडीवर दचकून तोल जाणं जिवावर येतं. त्यासाठी अँटीस्टॅटिक नळी मिळते, पण तिचं जोडणीचं तोंडही त्याच प्रकारचं पाहिजे आणि यंत्राला अर्थिंग पाहिजे, नाहीतर भार जायला वाट नाही. नळीला तांब्याची तार गुंडाळायचे घरगुती उपाय ऐकू येतात, त्यांच्या नादी लागू नका, तार सुटून ड्रिलच्या फिरत्या चकपाशी (बिट धरणाऱ्या जबड्यापाशी) लोंबकळली तर नवीनच भानगड. एक फरक मात्र नीट ओळखा : क्षणभराचा एकच चटका म्हणजे स्थिर वीज, पण मशीनच्या धातूला हात लावल्यावर सतत झिणझिण्या येत असतील तर ती वीजगळती आहे. तेव्हा प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत ते मशीन वापरू नका.

मजबुतीचा मुद्दा गिऱ्हाइकाला सांगायला उपयोगी पडेल. भोकात चुरा राहिला की स्क्रूसाठीचा प्लॅस्टिकचा प्लग पूर्ण आत जात नाही. केमिकल अँकर (रसायनानं भोकात चिकटवलेला बोल्ट) असेल तर रसायन भिंतीला न धरता धुळीच्या थराला धरतं आणि पकड बरीच घटते. म्हणून ब्रश फिरवून साफ करायचं. तोंडानं फुंकायचं नाही (ही सवय इतक्या लोकांना आहे की लिहावंच लागतं), अरुंद तोंडाची ओढ लावायची. अँकरच्या कंपनीनं हवा मारायला सांगितलीच असेल तर भोकाच्या तोंडाशी ओढ चालू ठेवून हातपंपानं मारा.

जुन्या इमारतीतला सिमेंटचा पत्रा, पाइपांभोवतीचं जुनं आवरण, जुनं छत यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक असं तंतूंचं खनिज, असू शकतं. शंका आली तर भोक पाडू नका, ‘डबा आहे ना’ म्हणून तर अजिबात नाही. तपासणी होऊ दे, निघालंच तर ते त्या कामाच्या प्रशिक्षित लोकांचं आणि एच वर्गाच्या यंत्राचं काम. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ घरातल्या लहान मुलांना सगळ्यात वाईट.

काम संपल्यावर झाडू मारू नका. बसलेली बारीक धूळ झाडूनं परत उठते आणि पुढचे काही तास गिऱ्हाईकच ती हुंगतं. एम वर्गाच्या यंत्रानं ओढा, मग ओल्या फडक्यानं पुसा. मास्क सगळ्यात शेवटी काढा. पंखा काम चालू असताना बंद, खिडकी उघडी. कपडे घरात झटकू नका. आणि कानाला प्लग लावा, हॅमर आणि ओढीचं यंत्र दोन्ही मिळून चांगलाच आवाज करतात.

सगळं एकदम घेणं जमणार नाही हे मला कळतं. तुमच्या जागी मी असतो तर आधी दोघांसाठी नीट बसणारे मास्क आणि डब्याचा नवा फिल्टर आणला असता, ते आजच होण्यासारखं आहे. मग छोट्या ड्रिलसाठी चिकटणारं आच्छादन आणि त्याच्याबरोबरच एम वर्गाचं यंत्र, कारण घरच्या व्हॅक्यूमला ते आच्छादन जोडलं तर धूळ मागून बाहेर येणारच. पोकळ बिटं सावकाश घ्या, स्लॅबची कामं वाढली की.

यानंतरही नाक राखाडी निघत असेल तर धूळ कुठून सुटतेय ते शोधा : भिंतीवरची पांढरी पट्टी, फिल्टरची रेघ, मास्कच्या आतल्या बाजूला नाकाजवळ उमटलेला डाग. हा शेवटचा डाग दिसला तर मास्क गळतोय. आणि खोकला आठवडेच्या आठवडे जात नसेल, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती तशी धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि ‘मी रोज काँक्रीटमध्ये ड्रिल मारतो, इतकी वर्षं मारतोय’ हे स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि छातीचा एक्स-रे बघताना त्यांना ही गोष्ट माहीत असणं फार उपयोगाचं असतं. भाच्यालाही बरोबर न्या, नळी तोच धरत होता.